डब्ल्यू-320

मंडळी, काजूच्या पाकिटावर 'डब्ल्यू-320' असं काहीतरी छापलेलं असतं, ते कधी वाचलंय का? आम्हा सॉफ्टवेअरवाल्यांना असं काही दिसलं की तो व्हर्जन नंबरच वाटतो :-) प्रत्यक्षात ती चक्क मोजणी आहे. डब्ल्यू म्हणजे अख्खा गर, आणि 320 म्हणजे एका पौंडात (454 ग्रॅम) जास्तीत जास्त 320 गर. म्हणजे आकडा जितका लहान, तितका काजू मोठा. 180 वाला एकदम टपोरा, आणि खिशालाही तितकाच जड.

आता जरा गणित करू. 320 च्या हिशेबाने एका किलोत साधारण 700 गर बसतात. म्हणजे 700 बिया फोडायच्या, 700 गर अलगद काढायचे, 700 वेळा पापुद्रा सोलायचा. बीच्या वजनात गर जेमतेम पाव हिस्सा, थोडा जास्त. बाकी सगळं टरफल. त्यामुळे किलोभर काजूसाठी साडेतीन-चार किलो बी लागते.

आमच्या कामोठ्यात रस्त्याकडेला देशी बदामाची झाडं आहेत. पोरं दगडाने ते बदाम ठेचतात, आतली बारीकशी बी खातात, हात चड्डीला पुसतात, झालं! (हा बदाम म्हणजे खऱ्या बदामाचा कोणी नाही बरं का, तो ऐन, अर्जुन, हिरड्याचा भाऊबंद.) काजू मात्र असा ठेचून खायची सोय नाही. काजू, आंबा, पिस्ता आणि बिब्बा हे सगळे एकाच कुळातले. ज्या बिब्ब्याने पूर्वी धोबी कपड्यांवर खुणा करायचे, तोच. काजूच्या टरफलातही तसलंच जळजळीत तेल असतं. कातडीला लागलं की फोड येतात, बोटं काळी पडतात.

पोर्तुगीजांनी हे झाड ब्राझीलहून सोळाव्या शतकात आपल्या किनाऱ्यावर आणलं. 'काजू' हा शब्दही त्यांच्याकडूनच आला. गोव्यात बोंडाची फेणी झाली (तिला 2009 मध्ये भौगोलिक मानांकनही मिळालं), आणि कोकणात बी हे पैशाचं पीक झालं. वेंगुर्ल्याच्या फळ संशोधन केंद्राने 'वेंगुर्ला-4', 'वेंगुर्ला-7' अशा जाती दिल्या (हे मात्र खरेच व्हर्जन नंबर!). 1990 पासून रोजगार हमीशी जोडलेल्या फलोद्यान योजनेत लोकांनी डोंगरउतारावर कलमं लावली.

बी कारखान्यात आली की आधी वाफवतात. मग हाताने नि पायाने चालवायच्या कटरवर एकेक बी धरून फोडतात. पातं केसभर सरकलं की अख्ख्याची पाकळी होते, नाहीतर तुकडा. भाव तिथेच पडतो. फोडणाऱ्या-सोलणाऱ्या बहुतेक बायकाच, आणि बऱ्याच ठिकाणी मजुरी किलोवर. माझी एक मावशी वेंगुर्ल्याकडच्या एका कारखान्यात बरीच वर्षं हे काम करायची. लग्नकार्यात भेटली की हात पदराखाली. मी एकदा विचारलं, "मावशी, हातमोजे देत नाहीत का गं?" तर म्हणाली, "मोजे घातल्यार बी हाताक गावणा नाय रे. राख लावची, तेल लावचा, सवय जाता." हसत म्हणाली, पण हात काही बाहेर काढला नाही.

बागायतदाराची रड वेगळी. आफ्रिकेतून बी येते, मग इथल्या बीचा भाव दबतो. 2024 मध्ये राज्य सरकारने किलोमागे 10 रुपये अनुदान जाहीर केलं, ते याच ओरड्यामुळे. म्हणजे झाड लावणारा कुरकुरतो, फोडणारी कुरकुरतही नाही, आणि आपण दुकानात "काजू किती महागलेत हो!" म्हणतो.

माझ्यापुरता मी एक हिशेब मांडलाय. चवीला तुकडा नि अख्खा सारखेच. अख्ख्यासाठी आपण जे जास्त मोजतो, त्यातला मोठा भाग पातं न सरकू देणाऱ्या हाताचा आहे. उसळीत, ग्रेव्हीत, खिरीत खुशाल तुकडा घाला. आणि अख्खा घ्याल तेव्हा भाव करण्याआधी एकदा 700 पर्यंत मोजून बघा. मी मोजायला बसलो होतो... दोनशेलाच कंटाळा आला!