पेंढा शिल्लक आहे कुठे?

माटुंग्याच्या आयसीटीत, म्हणजे रसायन तंत्रज्ञान संस्थेत, शिकणारा भाचा दिवाळीत आगाशीला आला की त्याला आमच्या प्रत्येक गोष्टीत रसायन दिसतं. पारोळजवळच्या आमच्या शेतात भाताची झोडणी चालू होती. पेंढ्याचे भारे बघून म्हणाला, "मामा, याचं इथेनॉल होतं. गाडीत भरायचं." त्यानं सांगितलं ते ऐकण्यासारखं होतं. पेंढा बारीक करून आम्ल आणि वाफेनं सैल करायचा, विकरं घालून त्यातल्या तंतूंची साखर करायची, मग यीस्ट आणि ऊर्ध्वपातन. त्याच्याच संस्थेच्या तंत्रावर २०१६ साली उत्तराखंडात काशीपूरला प्रात्यक्षिक प्रकल्प उभा राहिला. पुण्याच्या प्राज कंपनीच्या तंत्रावरचा इंडियन ऑइलचा पानिपतचा मोठा प्रकल्प २०२२चा. वर्षाला २ लाख टन पराळीतून (भाताच्या पेंढ्यातून) ३ कोटी लिटर, असा त्याचा अंदाज. म्हणजे किलोला दीडशे मिलीलिटर. वीस किलोच्या भाऱ्याला तीन लिटर.

हिशेब वाईट नाही. पण पंजाब-हरियाणात गव्हाच्या घाईपायी पराळी पेटवतात, तसा आमचा पेंढा वाया जातो कुठे? निम्मा उडवीत रचतो तो बैलांसाठी, थोडा आंब्याच्या आढीला लागतो, उरला की तबेलेवाला टेम्पो घेऊन हजर.

"मग केळीचे खांब घे," मी म्हटलं. घड उतरवला की खांब तोडून, तुकडे करून बुंध्यातच टाकतो आम्ही. भाचा हौसेनं कोयता घेऊन वाडीत शिरला. चिकाचे डाग शर्टावर कायमचे पडले, ते वेगळंच. तुकडा वजन करून गच्चीवर वाळत घातला. ऑक्टोबरच्या उन्हातसुद्धा वाळायला दिवस लागले, आणि हातभर सोटाची शेवटी मूठभर पातीसारखी सालं उरली. खांबात नव्वद टक्क्यांहून जास्त पाणीच. ट्रक भरून पाणी वाहायला डिझेल जाळायचं, हा कुठला व्यवहार?

माझ्या स्कूटरमध्ये वीस टक्के इथेनॉल आधीच आहे, पण ते मुख्यतः उसाचं आणि धान्याचं. अॅव्हरेज थोडं उतरलंय खरं, कारण लिटरमागे त्याची ऊर्जा पेट्रोलच्या दोन तृतीयांशच.

भाच्याला सांगून ठेवलंय, तबेल्यापेक्षा चढा भाव देणारा आण, भारे शेताच्या बांधावर रचून देतो. वाहतूक मात्र त्याची.