बाजूच्या खुर्चीवरचा माणूस

मोहम्मद सलाहच्या नादाने आमच्या वर्गातली मुले लिव्हरपूलची झाली आणि मुलांच्या नादाने आम्ही. तिशी ओलांडलेला, बी.एड. झालेला, उर्दू शाळेत गणित शिकवणारा माणूस रात्री सव्वाबाराला टीव्हीपुढे बसतो, हे घरात कुणालाच पटत नाही. तरी आम्ही बसतो.

गोष्ट २०१८ च्या एप्रिलअखेरची. चॅम्पियन्स लीगच्या उपांत्य फेरीचा पहिला सामना लिव्हरपूलने रोमाविरुद्ध ५-२ असा जिंकला होता. परतीचा सामना तोंडावर आला आणि बातमी आली की सहायक प्रशिक्षक झेल्को बुवाच संघापासून दूर झाले. (मराठीत वाचताना त्या नावातला ‘च’ जोर देणारा वाटतो, पण तो नावाचाच भाग आहे.) क्लबने सांगितले, कारण खासगी आहे; हंगाम संपेपर्यंत ते येणार नाहीत, मात्र अजून क्लबच्याच नोकरीत आहेत. बस्स, एवढेच.

युर्गन क्लॉप आणि बुवाच जर्मनीत माइन्झ संघातून एकत्र खेळले. २००१ साली क्लॉप तिथेच प्रशिक्षक झाले आणि बुवाच त्यांच्या बाजूच्या खुर्चीवर बसले. पुढे डॉर्टमुंड, मग २०१५ साली लिव्हरपूल. सतरा वर्षे हीच जोडी. क्लॉप हसत, ओरडत, खेळाडूंना मिठ्या मारत. हा माणूस मात्र गप्प. क्लॉपच त्यांना ‘मेंदू’ म्हणत.

त्या एका शब्दाने घोटाळा केला. मेंदूच गेला तर राहिले काय, असे चाहते म्हणू लागले. दोघांचे भांडण झाले असेल, असे कुणी म्हणाले. आर्सेनलच्या वेंगर यांनी नुकताच निरोप जाहीर केला होता, तेव्हा बुवाच तिकडे चालले, अशीही आवई उठली. आमच्या मुलांना एकच काळजी होती: आता रोममध्ये डावपेच कोण आखणार?

त्यांना बोलायला आम्हाला तोंड नव्हते. त्याच वर्षी जानेवारीत आमच्या शाळेच्या नायब सदर मुदर्रिसांनी ऐन सत्रात स्वेच्छानिवृत्ती घेतली होती. वर्षानुवर्षे वेळापत्रक तेच लावत. मोठा आखीव कागद, पेन्सिल, खोडरबर. दोन वर्गांत एकच शिक्षक कधी आला नाही. ते गेल्याचे कळले तेव्हा स्टाफरूममध्ये पहिला प्रश्न निघाला, आता वेळापत्रकाचे काय? आणि दुसरा प्रश्न आमचा होता: बुधवारचा आमचा ऑफ तास राहील ना? जनाब का गेले, हे आम्ही विचारलेच नाही. निरोप समारंभही राहून गेला.

रोममध्ये लिव्हरपूल ४-२ हरले, पण एकूण ७-६ ने अंतिम फेरीत पोचले. २६ मेची ती रात्र रमजानमधली होती. कीव्हमध्ये सलाह खांदा धरून रडत बाहेर गेला आणि रिअल माद्रिद ३-१ ने जिंकले. सेहरीच्या वेळी एका मुलाचा मेसेज आला, ‘सर, मेंदू नव्हता ना!’ जणू खांदाही बुवाच यांनी सांभाळला असता.

त्या उन्हाळ्यात पेप लाइंडर्स परत आले. जानेवारीतच ते लिव्हरपूल सोडून नायमेखनला गेले होते. १ जून २०१९ ला लिव्हरपूलने टॉटनहॅमला २-० हरवून युरोप जिंकला. आमच्याकडे ती सत्ताविसावी रात्र होती. आम्ही मशिदीत होतो, निकाल सेहरीला कळला. २०२० मध्ये तीस वर्षांनी लीगही आली. बुवाच यांचे नाव आता मुले घेईनात. तेव्हा ते मॉस्कोच्या डायनामो क्लबात होते, हे आम्ही सांगितले, तर एकाने विचारले, “कोण बुवाच, सर?”

आमचे जनाब मध्यंतरी बाजारात भेटले. हातात कोथिंबिरीची जुडी होती. सलाम झाला, खैरियत झाली. आम्ही काही विचारण्याआधी तेच म्हणाले, “बुधवारचा चौथा तास अजून मोकळा आहे ना तुमचा?”

तो गेल्याला दोन वर्षे झाली होती. आम्ही ‘हो’ म्हणालो.