अर्ध्या सुताचा हिशेब

गोल्फचं मैदान म्हटलं की लोकांना हिरवळ आठवते. मला आठवतो तो बेलतेलाचा आणि न सुकलेल्या एनॅमलचा वास. अण्णा, म्हणजे माझे वडील, चेंबूरच्या गोल्फ मैदानावर मेस्त्री होते. तिथला बॉम्बे प्रेसिडेन्सी गोल्फ क्लब १९२७ सालचा. तेव्हा चेंबूर मुंबईच्या बाहेर होतं. आमच्या लहानपणापर्यंत कारखाने आणि वसाहती चारी बाजूंनी येऊन भिडल्या होत्या. मेंबर लोक मोटारीतून पुढच्या दाराने येत, आम्ही पोरं मागच्या फाटकाने अण्णांचा डबा घेऊन आत शिरत असू. फाटकालगत पत्र्याची शेड होती, तिला सगळे वर्कशॉप म्हणत.

या वर्कशॉपचा हंगाम म्हणजे पावसाळा. बाहेर फेअरवेवर पाणी तुंबलं की खेळणारे कमी होत आणि वर्षभर उन्हात उभं राहिलेलं सगळं सामान दुरुस्तीला आत येई. झेंड्याच्या काठ्या, टी-मार्करचे सागवानी ठोकळे, बंकरमधली वाळू सारखी करायची दाताळी, हद्दीच्या पांढऱ्या खुंट्या, पाण्याजवळच्या पिवळ्या-लाल खुंट्या. चेंडू धुवायच्या पेट्याही येत. त्यांचं झाकण उघडलं की साबणाच्या शिळ्या पाण्याचा असा भपकारा येई, की तो ज्याच्या वाट्याला येई त्याला त्या दिवशी चहा जास्तीचा मिळे. आतले ब्रश झिजून गुळगुळीत झालेले असत; ते काढून नवे बसवायचे आणि दांडा वरखाली नीट होतो की नाही ते बघायचं.

खरा मान मात्र काठ्यांचा. आधी त्या बांबूच्या असत. अण्णा कोकणातून माणग्याचे बांबू मागवत. माणगा भरीव आणि सरळ, पण पूर्ण सरळ बांबू देवानेही केलेला नाही. मग शेगडीवर पेर शेकायचं, गरम असतानाच दाबून धरायचं, ओल्या फडक्याने थंड करायचं आणि एक डोळा मिटून टोकापासून टोकापर्यंत बघायचं. मग लांबी भरायची, घासायचं, प्रायमर, पांढरा रंग, त्यावर लाल पट्टे. पावसात रंग सुकता सुकत नसे. शेडमध्ये दोरीला काठ्या टांगून खाली दोनशेचा बल्ब लावून ठेवत.

जुन्या रंगावर नवा रंग चढवायला अण्णांची सक्त मनाई होती. आधी खरवडून काढायचा. आम्हाला तो हट्ट वाटे. एकदा हेडमाळी म्हणालेच, "मेस्त्री, लांबून कोण बघतंय? मारा की एक हात वरून." हेडमाळ्यांना सगळे मामा म्हणत, साताऱ्याकडचे होते. अण्णांनी त्यांना उत्तर दिलं नाही. मला जवळ बोलावलं आणि फरशीवर खडूने हिशेब मांडला.

गोल्फचं भोक सव्वाचार इंचाचं. स्कॉटलंडमधल्या मसलबर्गच्या मैदानावर १८२९ मध्ये भोक पाडायचं एक हत्यार केलं होतं, ते नेमकं या मापाचं. १८९१ मध्ये हेच माप नियम म्हणून सगळीकडे लागू झालं. आता या भोकात मधोमध पाऊण इंची बांबू उभा केला, की दोन्ही बाजूंना उरले पावणेदोन पावणेदोन इंच. तेव्हाचा लहान विलायती चेंडू १.६२ इंचाचा. म्हणजे चेंडू काठीशेजारून आत पडायला मोकळीक किती? एक सूत. इंचाचा आठवा भाग. "आता दरवर्षी वरून रंग चढव," अण्णा म्हणाले, "आणि काठी थोडी कलू दे. सूत कुठे गेलं ते शोध."

मामा खडूच्या त्या आकड्यांकडे बघत राहिले आणि मुकाट्याने खरवडणी घेऊन बसले.

पुढे अमेरिकन मापाचा १.६८ इंची चेंडू आला. ब्रिटिश ओपनमध्ये तो १९७४ पासून सक्तीचा होता, १९९० मध्ये लहान चेंडू सगळीकडूनच बाद झाला. चेंडू वाढला जेमतेम अर्ध्या सुताने, पण जाड बांबूशेजारी उरलेली जागाही अर्धीच झाली. आमच्याकडे बांबू गेला तो त्या सुमारास. अर्ध्या इंचाच्या फायबरग्लासच्या काठ्या आल्या आणि मोकळीक एकदम दीड सुतावर गेली. अण्णा खूश झाले, तरी फायबरग्लासवर त्यांचा भरवसा बसायला वेळ लागला. उन्हाने वरचा लेप उडाला की आतले काचेचे धागे वर येतात आणि हातात घुसतात. दिसत नाहीत, पण दोन दिवस खाज जात नाही. म्हणून लांब बाह्यांचा शर्ट, हातमोजे आणि वॉटर पेपर पाण्यात बुडवूनच घासायचं, म्हणजे भुकटी उडत नाही. मग रंग आणि शेवटी पारदर्शक लेप. बुडाची धातूची टोपी सैल झाली असेल तर ती काढून पुन्हा चिकटवायची.

काठी सरळ करून भागत नाही, ती ज्या कपात उभी राहते तोही धड हवा. कपाच्या तळाच्या खोबणीत वाळू साचली की काठी कलते. म्हणून कप काढून धुवायचे, चेंडू दिसावा म्हणून आतून पांढरे रंगवायचे. रोज सकाळी भोकाची जागा बदलायची. कटर फिरवून मातीचा दट्ट्या वर काढायचा, तो जुन्या भोकात बसवून पायाने सारखा करायचा आणि नव्या भोकात कप दाबायचा. कपाची कड जमिनीखाली निदान एक इंच हवी, नाहीतर चेंडू कडेला आपटून बाहेर येतो. मामांचा हात त्यात इतका बसलेला, की जुनं भोक कुठे होतं ते दुसऱ्या दिवशी सांगता येत नसे.

झेंडे आईकडे असत. घरच्या शिलाई मशीनवर ती नायलॉनचे झेंडे शिवी, कापलेली कड मेणबत्तीवरून झरकन फिरवून. झेंडा नेहमी मोकळ्या बाजूने फाटतो. मग तेवढी पट्टी कापून पुन्हा दुमडायचं. तिसऱ्या वर्षी झेंडा अंगाने अर्धा झालेला असे. एकदा एका मेंबरने अमेरिकेतल्या मेरियन क्लबचा फोटो आणला. तिथे झेंडेच नाहीत. काठीवर वेताच्या टोपल्या, पहिल्या नऊ भोकांवर लाल, पुढच्या नऊवर नारिंगी. टोपली फडफडत नाही, त्यामुळे वारा कुठून आहे ते कळत नाही. आई म्हणाली, "म्हणजे त्यांच्याकडे शिवणारं कुणी मिळालं नसणार."

नवरात्र आलं की हंगाम संपे. खंडेनवमीला शेड धुऊन पाटावर कटर, करवत, कानशी, रंगाचे ब्रश मांडायचे. कटरला झेंडूची माळ, हळदकुंकू. क्लबचे सेक्रेटरी साहेब प्रसादाला येत आणि बूट दाराबाहेर काढत, याचं आम्हाला फार अप्रूप वाटे. दसऱ्यानंतरच्या सकाळी अठराही काठ्या एकदम मैदानावर जात. दिवाळीच्या स्पर्धेसाठी मैदान सजलं असं मेंबर म्हणत. अण्णांनी मात्र जन्मात गोल्फची काठी हातात धरली नाही. सोमवारी मैदान बंद असे, तेव्हा कॅडी पोरं खेळत. दिल्लीच्या मैदानावर कॅडी म्हणून सुरुवात केलेल्या अली शेरने १९९१ मध्ये इंडियन ओपन जिंकली, तेव्हा या पोरांनी वर्कशॉपमध्ये पेढे वाटले. अण्णांनी पेढा खाल्ला आणि विचारलं, "तिथे काठ्या कोण करतं?"

आता काठ्या खोक्यातून तयार येतात. चरा पडला की नवी मागवतात, घासत बसायला कुणाला वेळ नाही. पण एक गोष्ट अण्णांच्या बाजूची झाली. पूर्वी भोकाभोवतीच्या ग्रीनवरून मारलेला चेंडू भोकातल्या काठीला लागला तर दोन फटक्यांचा दंड होता, म्हणून काठी काढून ठेवत. २०१९ पासून तो दंड गेला. आता पुष्कळ खेळाडू काठी आत ठेवूनच शेवटचा फटका मारतात, म्हणजे काठीशेजारच्या त्या जागेशी आता पटिंगच्या वेळीही गाठ पडते. अण्णा निवृत्त झाल्यावर का होईना, नियमांना त्यांच्या सुताची गरज पडली. काठ्या मागवणाऱ्यांनी खोकं उघडल्यावर एवढंच करावं: एक डोळा मिटून टोकापासून टोकापर्यंत बघावं.