रिपोर्ट क्लिअर, तरी रेडिएशन

स्कॅनमध्ये दिसलं तर उपचार, नाही दिसलं तर शरीराला उगाच त्रास द्यायचा नाही, या मताचा मी होतो आणि ते चारचौघांत ठासून सांगायचोही. कॅन्सरमुळे ऑपरेशन करून प्रोस्टेट काढून टाकल्यावर माझा पीएसए (प्रोस्टेटच्या पेशी बनवतात ते, रक्तात मोजलं जाणारं प्रथिन) जवळपास शून्यावर आला होता. ग्रंथीच उरली नाही म्हटल्यावर तो ०.१ च्या आत राहायला हवा, आणि बराच काळ राहिलाही. मग ०.०९ झाला, पुढच्या वेळी ०.१४, नंतर ०.२३. आकडा ०.२ ला पोचला आणि पुन्हा तपासूनही खाली आला नाही, की दुखणं उलटलं असं डॉक्टर धरतात.

मला ते पचत नव्हतं. फिरणं, जेवण, झोप, सगळं व्यवस्थित चाललेलं. एवढ्याशा दशांशासाठी ओटीपोटात शेक घ्यायचा? (रेडिएशनला आमच्याकडची जुनी माणसं शेकच म्हणतात. ऐकायला बरं वाटतं, एवढाच त्याचा फायदा.) "आधी तो नवा स्कॅन करू, त्यात काही निघालं तर पुढचं बघू," असं मी सर्जनना सांगून टाकलं. ते म्हणाले, "करू की. पण काही निघालं नाही तर काय करायचं, तेही आत्ताच ठरवून ठेवा." मी ते हसण्यावारी नेलं.

नवा स्कॅन म्हणजे पीएसएमए पेट. पीएसएमए हे प्रोस्टेटच्या पेशींवरचं एक प्रथिन. कॅन्सरच्या पेशींवर ते सहसा कितीतरी जास्त असतं. त्याला जाऊन चिकटणाऱ्या औषधाला किरणोत्सारी गॅलियम जोडतात आणि ते शिरेतून देतात. हे गॅलियम ६८ मिनिटांत निम्मं होतं, त्यामुळे "वेळेवर या, उशीर चालणार नाही" असं आदल्या दिवशीच फोनवर बजावलं होतं. सिरिंज जाड धातूच्या आवरणात आली. टोचणारा मुलगा काम उरकून झटकन लांब झाला. मग तासभर एका खोलीत एकट्याने बसायचं. पाणी पीत राहायचं आणि यंत्रात जायच्या आधी लघवी करून यायचं. औषध मूत्रपिंडातून मूत्राशयात उतरतं, आणि भरलेलं मूत्राशय चित्रात इतकं ठळक उमटतं की लगतची बारीकशी गाठ त्याच्याआड सहज लपते. ऑपरेशनची जागा नेमकी तिथेच. ऑपरेशनपासून माझा लघवीवरचा ताबा कच्चा आहे. त्यामुळे त्या तासात पॅड सांभाळणं हाच माझा मुख्य उद्योग होता. वापरलेलं पॅड टाकायलाही वेगळा डबा दाखवला.

चित्र पाहून आधी धसकाच घेतला. डोळ्यांजवळ, गालांत, पोटात काळेकुट्ट डाग. डॉक्टर म्हणाले, अश्रुग्रंथी, लाळेच्या ग्रंथी, यकृत, मूत्रपिंडं सगळ्यांचीच अशी दिसतात. बाकी कुठे काही नाही. घरी आल्यावर बायको म्हणाली, "सुटलो बाई एकदाचे." मी जेजुरीला जायला गाडीही ठरवून टाकली.

सर्जननी मात्र रेडिएशनच्या डॉक्टरबाईंकडे पाठवलं. त्यांनी २०१९ सालचा एक अमेरिकन अभ्यास समोर ठेवला. कॅन्सर उलटल्याची शंका असलेल्या ६३५ पुरुषांचा हाच स्कॅन केला होता. ज्यांचा पीएसए ०.५ च्या खाली होता, त्यांच्यातल्या ३८ टक्क्यांच्याच स्कॅनमध्ये काही सापडलं. ५ आणि त्यावर असलेल्यांत हेच प्रमाण ९७ टक्के. मी लगेच म्हटलं, "मग थांबू या की. वाढू दे, दिसू दे, मग नेम धरून मारा." त्या म्हणाल्या, "काका, आमच्या रेडिएशनचा गुण पीएसए कमी असतानाच चांगला येतो. ०.५ च्या आत असताना घेतलेलं बरं. स्कॅनला छान दिसेपर्यंत थांबलात, तर ते दिसेल, पण आमच्या हातात तेवढं राहणार नाही."

उभं आयुष्य मी सहकारी बँकेत हिशेब जुळवले. दिवसअखेर फरक आला आणि व्हाउचर सापडलं नाही, म्हणून फरक नाहीच असं कधी कुणाला म्हणू दिलं नाही. पीएसए म्हणजे तो फरक होता. स्कॅनला फक्त व्हाउचर सापडलेलं नव्हतं. माझं मत फिरलं ते इथे, आणि सही करताना फारसं जड गेलं नाही.

स्कॅनचे पैसे वाया गेले, असं मात्र मला वाटत नाही. हाडात किंवा लांबच्या लिम्फ नोडमध्ये काही दिसलं असतं, तर नुसत्या ऑपरेशनच्या जागेवर रेडिएशन देऊन भागलं नसतं, बेतच बदलला असता. तसं काही न दिसल्यामुळे उरलेला आजार जुन्या जागीच असण्याची शक्यता वाढली. स्कॅन क्लिअर असलेल्यांना हे रेडिएशन चांगलं लागू पडतं, असं ऑस्ट्रेलियातल्या अभ्यासातही आढळलं आहे. स्कॅनकडे मी निकाल म्हणून बघत होतो. रेडिएशन कुठे द्यायचं, याच्या नकाशापुरता तो कामाचा.

रेडिएशन सुखाचं नव्हतं. लघवीला जळजळ, रात्रीच्या फेऱ्या, शौचाच्या तक्रारी, सगळं झालं. आजार मुळापासून गेला की नाही, ते पीएसए पुढची काही वर्षं सांगत राहील. प्रत्येकाने हेच करावं, असंही नाही. वय ऐंशीच्या पुढे असेल आणि आकडा मुंगीच्या पावलांनी चढत असेल, तर नुसतं लक्ष ठेवणं हाच शहाणपणाचा सल्ला असू शकतो. उलट ०.०५ वर स्कॅनसाठी हट्ट धरणारे नातेवाईकही मी पाहिले आहेत. त्यांना मी आता थोपवतो.

ऑपरेशननंतर तुमचा आकडा ०.२ च्या पुढे गेला असेल, तर स्कॅनची तारीख घ्याल त्याच दिवशी रेडिएशनच्या डॉक्टरांचीही वेळ घेऊन ठेवा. रिपोर्ट हातात येईपर्यंत थांबू नका.