उभ्या मशीनचा हिशेब
नाशिकच्या एका कारखान्यात दुधाच्या पिशवीची फिल्म छापली जायची, तिथलं प्रॉडक्शन माझ्याकडे होतं. पॉलिथिनची ही फिल्म जेमतेम ५० मायक्रॉनची. जरा ओढली की ताणते. जुन्या स्टॅक मशीनवर प्रत्येक रंगाचं युनिट वेगळं, त्यामुळे एका रंगाकडून दुसऱ्याकडे जाईपर्यंत ती सरकायची आणि अक्षरांच्या कडेला पांढरी फट दिसायची. नवी सीआय मशीन आली आणि हा त्रास संपला. तिच्यात मधोमध एकच मोठा ड्रम. फिल्म त्याला चिकटून फिरते आणि सगळे रंग तिथेच चढतात.

वेग कितीतरी वाढला, पण महिनाअखेरीस निघणारा माल त्या मानाने वाढेना. दुधाच्या ऑर्डरी तुकड्या-तुकड्यांत येतात: गाईचं, म्हशीचं, टोन्ड, अर्धा लिटर, लिटर. त्यात २०१८ च्या प्लास्टिकबंदीत पिशवीवर परतखरेदीची किंमत छापायची अट आली आणि डिझाइनं बदलली. म्हणजे जॉब बदलायलाच मशीन सारखी उभी.

मग आम्ही छपाईच्या प्लेटा ज्यांवर चिकटवतात त्या स्लीव्हचा दुसरा संच घेतला. चालू जॉब संपायच्या आतच बाजूच्या खोलीत, कॅमेऱ्यात खुणा जुळवून पुढच्या प्लेटा चिकटवून तयार ठेवायच्या. शाईही आधीच कालवून, किती दाट आहे ते बी-४ कपाने सेकंदांत मोजलेली. सॉल्व्हंट उडत राहतं, शाई दाटते, रंग गडद होतो. म्हणून छपाई चालू असतानाही मोजायचीच. नुसत्या नजरेवर सोडायचं नाही.

सगळ्यात मोठा फरक मात्र अ‍ॅनिलॉक्स रोलने पडला. सिरॅमिकच्या या रोलवर लेझरने बारीक खड्डे कोरलेले असतात. ते शाई उचलतात, डॉक्टर ब्लेड वरची जादा शाई निपटून काढतं आणि मोजकीच शाई प्लेटवर जाते. एक निळा रंग काही केल्या फिकाच येत होता. ऑपरेटर प्लेटचा दाब वाढवत गेला, तशी अक्षरं फुगली. आमचे जुने मामा म्हणाले, "साहेब, प्लेट बदलून काही होणार नाही. रोल बघा." भिंगाखाली धरला, तर अर्ध्याअधिक खड्ड्यांत वाळलेली शाई घट्ट बसलेली. खड्डेच भरलेले, मग शाई उचलणार कुठून? आणि वाढवलेल्या दाबाने प्लेटही लवकर झिजत होती. रंग फिका दिसला की दाब वाढवायचा, ही सवय मी अनेक कारखान्यांत पाहिली आहे. फिल्म आणि प्लेट दोन्ही त्यात वाया जातात.

तेव्हापासून रोल उतरला की शाई ओली असतानाच धुवायचा. सिरॅमिकला स्टीलचा ब्रश, पितळेचा नाही. पितळ घासलं जाऊन खड्ड्यांतच बसतं. प्रत्येक रोलचं कार्ड केलं: कधी धुतला, भिंगाखाली कसा दिसला, कोणत्या जॉबला लागला. त्याच डिझाइनची ऑर्डर पुन्हा आली की तोच रोल चढायचा आणि रंग जुळवण्यात जाणारी फिल्म वाचायची. या कामाला स्वतंत्र माणूस द्यायला मालक सुरुवातीला राजी नव्हते. कचऱ्यात जाणारी फिल्म आधी आणि नंतर अशी वजन करून दाखवली, तेव्हा त्यांनी माणूसही दिला आणि धुण्याचं यंत्रही मागवलं. ते काम मामांकडे सोपवलं, त्यांच्या हाताखाली दोन पोरं दिली. नवा हेल्पर आता आधी त्यांच्याकडे जातो, मशीनवर नंतर.