टेप घेऊन फूटपाथवर

10 नोव्हेंबर 2024, रविवार
परवा सर्वोच्च न्यायालयाने राजीव रतुरी यांच्या याचिकेवर निकाल दिला. याचिका 2005 सालची. दिव्यांगांच्या हक्कांचा कायदा 2016 मध्ये झाला. रस्ते, इमारती, वाहनतळ त्यांना वापरता आलेच पाहिजेत, असं त्यात आहे. पण 2017 च्या नियमांतला पंधरावा नियम ज्या मार्गदर्शक तत्त्वांकडे बोट दाखवतो, ती निव्वळ शिफारशीवजा. न्यायालयाने तो कायद्याशी विसंगत ठरवला आणि बंधनकारक निकष करायला केंद्राला तीन महिने दिले. आत्याला बातमी वाचून दाखवली. "म्हणजे कायदा सक्तीचा आणि नियम ऐच्छिक, असं चाललं होतं तर," ती म्हणाली. गणिताच्या बाई होत्या, विसंगती लगेच पकडतात.

12 नोव्हेंबर, मंगळवार
आत्याला औषधांच्या दुकानात यायचं होतं. व्हीलचेअरच्या मागच्या खिशात टेप टाकली. इंडियन रोड्स काँग्रेसचे निकष सांगतात की फूटपाथची उंची 150 मिलिमीटरच्या वर नको आणि रॅम्पचा उतार एकास बारा हवा. म्हणजे 150 मिलिमीटर चढायला 1.8 मीटर लांबी. आमच्या कोपऱ्यावर उंची भरली 230, रॅम्पची लांबी 700. आत्याने बसल्या जागी तोंडी हिशेब केला. "एकास तीन. ही घसरगुंडी आहे रे."

रॅम्पच्या पायथ्याशी सिमेंटचा दोन बोटं उंच काठ सुटलाय. पुढची लहान चाकं तिथेच अडतात. खुर्ची मागे कलती करून ती उचलावी लागतात. कसेबसे वर चढलो, तर दहा पावलांवर विजेचा डीपी आणि पिवळ्या फरशांची रांग थेट त्याच्या दारात. या फरशा जपानच्या सेइइची मियाके यांनी 1965 मध्ये बनवल्या आणि 1967 मध्ये ओकायामा शहरात अंधशाळेजवळ पहिल्यांदा बसवल्या गेल्या. लांब रेघा म्हणजे चालत राहा, ठिपके म्हणजे थांबा. आमच्याकडे डीपीपर्यंत रेघाच रेघा, ठिपका एकही नाही. डीपी आणि भिंत यांच्यामधून खुर्ची जाईना. मागे फिरलो आणि रिक्षांच्या कडेकडेने रस्त्यावरूनच दुकान गाठलं.

20 नोव्हेंबर, बुधवार
विधानसभेचं मतदान. घरून मत द्यायला आत्याने साफ नकार दिला होता. केंद्रावर लाकडी रॅम्प, मदतीला स्वयंसेवक; फाटकाच्या आत कसलीच तक्रार नाही. घरापासून फाटकापर्यंत मात्र पुन्हा रस्त्याची कड. निघताना शिपायाला विचारलं, रॅम्प राहणार का? "छे, उद्या उचलणार. भाड्याचा आहे."

3 डिसेंबर, मंगळवार
जागतिक दिव्यांग दिन. एका सभागृहात कार्यक्रम होता. वाहनतळात व्हीलचेअरच्या चिन्हाची निळी चौकट होती. ती 3.6 मीटर रुंद असावी लागते, कारण गाडीचं दार पूर्ण उघडून खुर्ची सीटला भिडवायची असते. त्या जास्तीच्या रुंदीत स्कूटर ओळीने लावलेल्या. रखवालदार म्हणाला, "काका, अपंग कोणी येतच नाही ना इथं." आत्याने गाडीची काच खाली केली. "आलेय की मी."

17 डिसेंबर, मंगळवार
दुचाक्या चढू नयेत म्हणून मुंबईत फूटपाथच्या तोंडाशी खांब रोवले. ते इतके जवळजवळ की व्हीलचेअरही अडली. एका व्हीलचेअर वापरणाऱ्याच्या ईमेलवरून उच्च न्यायालयाने 2023 मध्ये स्वतःहून दखल घेतली. लिहिण्याचा उपयोग होतो तो असा.

आज आमच्या कोपऱ्याचा अर्ज दिला. "फूटपाथ गैरसोयीचा आहे" असं लिहिलं की "योग्य ती कार्यवाही करण्यात येईल" हे उत्तर ठरलेलं. म्हणून या वेळी विशेषणं गाळली, आकडे ठेवले. कारकुनाने दोनदा वाचलं आणि अर्ज थेट अभियंत्याच्या नावे लावला.

तुमच्याही घरात टेप असेलच. जवळच्या कोपऱ्यावर तीन मापं घ्या: फूटपाथची उंची, रॅम्पची लांबी, अडथळ्यापाशी उरलेली रुंदी. सोबत फोटो लावा आणि 2016 च्या कायद्याचं कलम 89 लिहा. पहिल्या उल्लंघनाला 10,000 रुपयांपर्यंत दंड, पुढच्यांना 50,000 ते 5 लाख. आणि पोच घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका.