कुठे बसून ऐकावं

डिसेंबरात ग्वाल्हेरला जायचं ठरलं तेव्हा डोळ्यांसमोर हजीऱ्याचा मंडपच होता. १९२४ पासून तिथे तानसेनाच्या समाधीपाशी संगीत समारोह भरतो. सकाळी सनई, ढोलीबुवांच्या परंपरेतली हरिकथा, मिलाद, मग समाधीवर चादर. हरिकथा आणि मिलाद एकाच अंगणात ऐकताना मला भरून आलं. रात्री मात्र मी मंडपात फार मागे बसलो होतो. गाणं पोचत होतं, गाणारा पोचत नव्हता.

ग्वाल्हेरच्या लष्कर भागात राहणाऱ्या मामी म्हणाल्या, "उद्या माझ्याबरोबर चल. एका घरी बैठक आहे. माईक नाही, म्हणून लवकर निघू."

कुठे जाऊन बसावं, हा पेच ब्युनोस आयर्सला टँगो नाचायला गेलेल्या पाहुण्यालाही पडतो. तिथल्या नाचाच्या मैफलीला मिलोंगा म्हणतात, आणि शहरात त्या पुष्कळ. जुन्या रीतीच्या मिलोंगात नाचायला तोंडाने बोलवत नाहीत. समोरच्या टेबलाकडे नजर जाते, डोळे भिडतात, मान किंचित हलते आणि जोडी ठरते. तीनचार गाण्यांचा फेरा संपला की मध्येच वेगळं संगीत वाजतं, सगळे आपापल्या जागी परततात, पुन्हा नजरा शोधू लागतात. म्हणून नवख्याने आधी उजेड पाहावा. नजर ओळखू येत नसेल इतका अंधार असेल, तर लाकडी फरशी कितीही गुळगुळीत असो, तो तिथे परकाच राहणार.

मामींनी नेलेल्या खोलीत उजेड होता. सतरंजीवर पांढरी चादर, दारात चपलांचा ढीग, खांद्यावर शाली. तानपुऱ्याच्या घोडीवर जवारीचा दोरा सरकवत एक मुलगा कान लावून बसला होता. दोरा केसभर इकडे, केसभर तिकडे. मग एकदम तार बोलली आणि कुजबुज आपोआप थांबली.

गाणाऱ्याने आधी स्थायी-अंतरा पूर्ण मांडला. ही ग्वाल्हेरची शिस्त, आणि मला ती फार प्रिय आहे: चीज आधी श्रोत्याच्या हाती द्यायची, विस्तार मग. या घराण्याचे निसार हुसेन खाँसाहेब आपले शिष्य शंकरराव पंडित यांच्या घरी राहून त्यांना शिकवत. ही गायकी अशाच खोल्यांमधून वाढली, समोरच्या माणसाचा चेहरा पाहत. तिलवाडा ताल चालू होता, सोळा मात्रांचं सावकाश आवर्तन. मामींची बोटं मांडीवर चालत होती. समेच्या दोन मात्रा आधी गाणाऱ्याने नजर उचलली, खोलीभर फिरवली. सम आली आणि पंधरावीस माना एकदम हलल्या.

माझी हलली नाही. मी मोजण्यात चुकलो होतो, एका मात्रेने मागे. गाणाऱ्यांनी ते पाहिलं, रागाने नव्हे. पुढचं आवर्तन त्यांनी सरळ ठेवलं, मुखडा ठसठशीत उच्चारला आणि समेच्या आधी पुन्हा माझ्याकडेच पाहिलं. या खेपेला मान हलली. ते हसले आणि तान घ्यायला मोकळे झाले.

चहासाठी थांबलो तेव्हा मामींनी विचारलं, "उद्या पुन्हा हजीऱ्याला जाणार ना?"

"जाईन, पण सकाळच्या सनईला," मी म्हणालो. आत तानपुरा पुन्हा लागत होता. भिंतीशी टेकायची माझी जागा रिकामीच होती; मी दोन माणसं ओलांडून पुढे सरकलो.